झोपाळ्यावरचा चहाचा डाग

बिल्डरने हूकचे वेगळे पैसे मागितले आणि माझं डोकं फिरलं.

ज्यांना बडोद्याची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे फ्लॅट बघायला गेलेलं माणूस आधी स्वयंपाकघर बघतं, मग पार्किंग, आणि मग बाल्कनीच्या छताकडे मान वर करून विचारतं, झोपाळ्याचे हूक कुठे येणार? हे स्लॅब ओतायच्या आधी सांगावं लागतं. एकदा स्लॅब पडला की छताला भोक पाडायला सोसायटी परवानगी देत नाही. बडोद्यात दोन-तीन पिढ्या काढलेल्या मराठी माणसालाही जेवण झालं की झोपाळा लागतो. नुसत्या खुर्चीवर त्याचं अन्न पचत नाही.

माझी घासाघीस तेव्हा ऐन रंगात आली होती. खिडक्यांच्या जाळ्या मी पदरात पाडून घेतल्या होत्या, गिझर घेतला होता, दाराची बेलसुद्धा सोडली नव्हती. तेवढ्यात बिल्डर म्हणाला, "काका, हूकनो चार्ज अलग छे."

"लोखंडाच्या चार आकड्यांचा चार्ज?" मी म्हटलं. "माझा जन्म लोखंडात गेलाय. मला लोखंड शिकवतोस? नको मला तुझे हूक. त्याऐवजी बाल्कनीत एक नळ दे."

त्याने लगेच मान डोलावली. समोरचा लगेच मान डोलावतो तेव्हा आपण काहीतरी गमावलेलं असतं, हा धंद्यातला पहिला धडा. पण माझ्या कानशिलात रक्त चढलं की मला कुठलेच धडे आठवत नाहीत. बायको शेजारच्या खुर्चीवर होती. तिने पर्समधून रुमाल काढला, त्याची घडी उलगडली, पुन्हा घातली आणि रुमाल पर्समध्ये ठेवून दिला. 

घरी येऊन मी टेनामेंटच्या, म्हणजे आमच्या जुन्या घराच्या, ओसरीत बसलो तेव्हा लक्षात आलं, की मी ज्याच्यावर बसलोय तो झोपाळा आता नव्या घरी येऊ शकत नाही, आणि बिल्डरकडे परत जाऊन हूक मागणं माझ्याच्याने होणार नव्हतं.

हा झोपाळा म्हणजे माझी मिळकत होती. वडील रेल्वेत फिटर, घरात सहा तोंडं. मी एका लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, सुरुवात करून शहराबाहेर छाणीला स्वतःचं वर्कशॉप उभं केलं. सांगितलेली किंमत मी जन्मात कधी दिली नाही. देवळाबाहेर फुलवालीशी घासाघीस केली आहे आणि आत जाऊन देवाशीही. पण या झोपाळ्याचा सौदा माझ्या सगळ्या सौद्यांत वरचा, कारण त्याच्यामागे एक अपमान होता.

पस्तीस वर्षांपूर्वी मी मुलगी बघायला बडोद्यातल्याच दांडिया बाजार भागात गेलो होतो. मुलीला वडील नव्हते, ती मामांकडे वाढत होती. मामा म्हणजे जुन्या संस्थानी अधिकाऱ्यांच्या घराण्यातले. घरात पुस्तकांची कपाटं आणि दिवाणखान्यात मधोमध झोपाळा. वडिलांना आरामखुर्ची दिली आणि मला लाकडी स्टूल. मामा झोपाळ्यावर बसले. बसले ते बसले, झोके घेत बोलू लागले. तुमची मुलाखत कधी झोपाळ्याने घेतली आहे का? प्रश्न तुमच्याकडे येताना सुरू होतो आणि लांब जाताना संपतो. उत्तर द्यायला तोंड उघडावं तर माणूस भिंतीपाशी.

"शिक्षण... किती म्हणालात?"

मी सांगितलं. मामा भिंतीकडे गेले होते. परत आले.

"आणि लेथ म्हणजे... नक्की काय हो ते?"

मी लेथ समजावून सांगू लागलो. तो विषय चार झोक्यांत मावणारा नव्हता. माझी मान खाली होती. त्या दिवाणखान्याचं मला काहीच आठवत नाही, आठवतो तो फक्त मामांच्या उजव्या पायाचा अंगठा. तो माझ्या गुडघ्यापाशी यायचा, फरशीला टेकायचा आणि रेटा देऊन निघून जायचा.

चहा आला. दोन घोट घेतल्यावर कप कुठे ठेवावा कळेना. झोपाळा तेवढ्यात थांबला होता, म्हणून मी कप पाटाच्या कडेला ठेवायला गेलो.

"अंहं," मामा म्हणाले. "तिथे नको. पाटाला डाग पडतो."

मी कप हातात धरला. झोपाळा पुन्हा सुरू झाला. मुलगी आली, पोहे आले, प्रश्न संपले, वडील उठले, तरी कप माझ्या हातातच. त्यातल्या चहावर साय धरली होती. निघताना मामा वडिलांना म्हणाले, "मुलगा मेहनती दिसतो. बाकी काय..." ते "बाकी काय" मामांनी तसंच सोडलं आणि मी उचलून घरी आणलं.

लग्न झालं, कारण मुलीने हो म्हटलं. मामांचं मत कोणी विचारलं नसावं, किंवा विचारलं तेव्हा ते भिंतीकडे गेले असावेत.

पुढे तेरा वर्षांनी मामांनी घर विकायला काढलं. एक दिवस पोळी वाढता वाढता बायको सहज म्हणाली, "मामांकडचा झोपाळा विकायचाय म्हणे."

एवढंच म्हणाली. मी दुसरी पोळी न खाता उठलो.

तिथे सामान आवरलं जात होतं. झोपाळ्याचा पाट भिंतीला टेकवून ठेवला होता, पितळी कड्या गोणपाटात गुंडाळलेल्या. मामांचा मुलगा, म्हणजे बायकोचा मामेभाऊ, कॉलेजात प्राध्यापक होता. त्याने किंमत सांगितली. मी हसलो. मग मी त्या पाटाची जी काही निंदा केली ती आजही मला तोंडपाठ आहे. हे सागवान नाहीच, असलं तर जुनं नाही, जुनं असलं तर वाळवीचं. कड्या पोकळ आहेत. दीड तास! मामा कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ऐकत होते आणि हसत होते. त्या हसण्याचा अर्थ मी पराभव असा लावला. शेवटी निम्म्यात सौदा पटला आणि मी पाट स्वतःच्या खांद्यावर घालून टेंपोत नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झोपाळा आमच्या ओसरीत टांगला. बायकोने चहा आणला. मी दोन घोट घेतले आणि कप पाटाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवला. ठक्. त्या आवाजासारखा आवाज मी पुन्हा ऐकला नाही, म्हणजे रोज ऐकला, पण पहिल्या दिवशीचा वेगळा होता.

त्यानंतर बावीस वर्षं मी रोज सकाळी कप त्याच जागी ठेवत आलो. आधी फिकट वर्तुळ पडलं, मग दाट, मग असं काळसर की कप अंधारातही आपली जागा शोधेल. कोणी पाहुणा आला की मी त्याला डाग दाखवायचो आणि मामांच्या अंगठ्यापासून सगळी हकीकत सांगायचो. पाहुणे हसायचे. बायको तेवढ्या वेळात आत काहीतरी करायला जायची. लोक घरात आईबापांचे फोटो लावतात, पोरांच्या ट्रॉफ्या मांडतात. माझ्याकडे डाग होता.

आणि आता तो द्यायचा होता. टेनामेंटच्या पायऱ्या बायकोच्या गुडघ्यांना झेपेनात, लिफ्टचं घर घ्यायलाच हवं होतं, त्यात वाद नव्हता. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, झोपाळ्याला लोखंडी स्टँड करा ना. तुमचंच वर्कशॉप आहे." मी त्याला सांगितलं, स्टँडवरचा झोपाळा शोरूममध्ये असतो, घरात नाही. फोन ठेवला आणि ऑनलाइन जाहिरात टाकली.

पहिली बाई कॅफे काढत होती. तिने पाटावरून हात फिरवला. "अंकल, आ तो डाघ छे. भाव ओछो करो."

"डागाचेच पैसे आहेत, बेन," मी म्हटलं. ती माझ्याकडे बघत बघत पायऱ्या उतरली.

दुसरा माणूस टेप घेऊन आला. पाट मधून कापून त्याला टीव्हीखाली लावायचा होता. त्याला मी फाटकाबाहेर काढला आणि त्याचा टेप नंतर फाटकावरून फेकला. तिसरा बिचारा सांगितलेली किंमत द्यायला तयार झाला, तेव्हा मी किंमत वाढवली.

"विकायचाय ना तुम्हाला?" बायको म्हणाली.

"योग्य माणसाला विकायचाय."

"आणि तो कोण?"

 योग्य माणूस जगात एकच होता. मामा तर गेले होते, त्यांचा मुलगा होता. त्याने आपल्या पायांनी माझ्या घरी यावं, वाडवडिलांचा झोपाळा परत मागावा, आणि त्याने स्टुलावर बसून मागावा व मी झोके घेत ऐकावं, एवढी माझी माफक इच्छा होती. म्हणून मी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झोपाळ्याचा फोटो टाकला. जवळून नाही, लांबून. खाली लिहिलं, "देणे आहे."

अर्ध्या तासात प्राध्यापकांचा संदेश आला. तो एवढा लांब होता की वाचायला चष्मा आणि वेळ दोन्ही लागले. वडिलोपार्जित वस्तूंमध्ये माणसांचा स्पर्श साठलेला असतो, वगैरे. बालपण त्या झोक्यांवर गेलं, वगैरे. शेवटी हात जोडलेल्या तीन खुणा. संदेश मी दोनदा वाचला. भावनेवर इतकं लिहिणारा माणूस किमतीवर फार वेळ टिकत नाही, हा माझा अनुभव आहे.

रविवारी तो येणार होता. मी सकाळीच ओसरीतल्या खुर्च्या आत नेल्या. माळ्यावरून स्टूल काढलं. ते झोपाळ्यासमोर कुठे ठेवलं म्हणजे माझा अंगठा त्याच्या गुडघ्यापाशी येईल, याचं मोजमाप मी स्वतः झोके घेऊन केलं. बायको दारात उभी राहून बघत होती.

"अहो, तो सत्तरीला आलाय. पाठीचा पट्टा लावतो."

"मग ताठ बसेल."

तो आला. स्टुलावर बसलाही, अगदी निमूट. मी झोपाळ्याला पहिला रेटा दिला, घसा साफ केला आणि प्रश्न विचारणार, एवढ्यात त्याने मान वर केली. मी कधीच न केलेली गोष्ट त्याने केली. त्याने कड्यांकडे बघितलं.

"अरेच्या! भावोजी, हा तर मागच्या पडवीतला!"

मी लांब गेलो होतो. परत आलो. "म्हणजे?"

"आमच्याकडे दोन होते ना. दिवाणखान्यातल्याच्या कड्यांवर पितळी पोपट होते, हे एवढे. हा मागचा. आईचा. ह्याच्यावर मटार सोलायचे, पापड वाळवायचे." मग तो माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबला, पण प्राध्यापक माणूस, माहिती अर्धी ठेवणं त्याला जमलं नाही. "पुढचा बाबांनी आधीच दिला होता. पादरा गावाकडच्या एका फार्महाउसवाल्याला. त्याने बाबांनी सांगितलेला आकडा तिथल्या तिथे दिला. आणि हा तर आम्ही कोणाला तरी असाच देऊन टाकणार होतो."

"असाच?"

"तुम्ही आलात, आल्या आल्या किंमत विचारलीत. मी म्हणणारच होतो, की घेऊन जा. बाबांनी मला खुणेने थांबवलं, म्हणून मी तोंडाला आला तो आकडा सांगितला. नंतर म्हणाले, जावईबापूंना थोडी घासाघीस करू दे, त्यांना बरं वाटतं."

झोपाळा आपोआप थांबला. बायकोने चहा आणला. प्राध्यापकांनी तो व्यवस्थित प्यायला, बहिणीच्या गुडघ्यांची चौकशी केली, हा झोपाळा काही आपल्याला नको असं सभ्यपणे सांगितलं आणि पाठ धरून गेले. रिकामा कप त्यांनी स्टुलाखाली जमिनीवर ठेवला होता. पाटावर ठेवला नाही. घराण्याची सवय.

मी बायकोकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"हो."

"बावीस वर्षं?"

"मामीचा झोपाळा तो," ती म्हणाली. ती अजून दारातच होती. "मी शाळेतून आले की मामी त्याच्यावर बसून माझी वेणी घालायची. पुढच्या झोपाळ्यावर मला कोणी बसू दिलं नाही. मामीलाही नाही. तो मामांचा होता."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"मामीचा झोपाळा आणा म्हटलं असतं तर आणला असता तुम्ही? मामांचा आहे असं वाटलं म्हणून पोळी टाकून धावलात."

"आणि मी रोज त्याच्यावर कप ठेवत होतो तेव्हा?"

"तेव्हा मी रोज दुपारी त्याच्यावर लिंबू घासत होते."

"आणि त्या बिल्डरकडे? तिथे तरी तोंड उघडायचं!"

"तुम्ही चिडला होतात. चिडलेले असताना तुम्हाला काही मागितलं की त्याचीही घासाघीस होते." ती आत गेली. जाताना स्टूल उचलून घेऊन गेली.

शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. मी पुढच्या रविवारी थर्मासमध्ये चहा भरला, घरातला कप रुमालात गुंडाळला आणि पादरा गावी गेलो. फार्महाउस शोधायला वेळ लागला नाही. लग्नाआधी फोटो काढून घेणाऱ्या जोडप्यांसाठी चालवतात. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "फोटाना चार्ज छे, काका." मला फोटो काढायचा नव्हता, तरी मी चार्ज कमी करून घेतला.

मामांचा झोपाळा एका सिमेंटच्या कमानीखाली लटकत होता. पाटाला पांढरा ऑइलपेंट, कड्यांना प्लास्टिकचा वेल, पोपट सोनेरी रंगवलेले. समोर एक निळी प्लास्टिकची खुर्ची होती, फोटोग्राफरची असावी. मी झोपाळ्यावर बसलो. माझे पाय जमिनीला टेकेनात. मामा उंच होते, हे मला तेव्हा कळलं, कारण मी त्यांचा अंगठ्याच्या वरचा भाग कधी नीट बघितलाच नव्हता. अंगठ्याशिवाय झोका कसा घ्यायचा? मी तसाच लोंबकळत बसून कपात चहा ओतला, दोन घोट घेतले आणि कप पाटावर ठेवला. आवाज झाला. पाव तास ठेवला. उचलला तर खाली छान ओलं वर्तुळ.

वॉचमन आला, खांद्यावरचा गमछा एकदाच फिरवला आणि म्हणाला, "कंई नथी थतु काका, ऑइलपेंट छे." वर्तुळ गेलं. पाट पुन्हा पांढरा.

पस्तीस वर्षांची माझी फिर्याद त्या गमछ्याला लागून गेली. मी उरलेला चहा तिथल्या तुळशीला नको म्हणून गुलाबाला घातला आणि परत निघालो. पण घरी गेलो नाही. सरळ छाणीला, वर्कशॉपवर. रविवार होता, कुलूप होतं. कुलूप उघडलं, चौकोनी पाइप काढले आणि वेल्डिंगचा चष्मा चढवला.

स्टँडला आठ दिवस लागले. इतकं सरळ काम मी गिऱ्हाइकासाठी कधी केलं नाही. मग बायकोने अटी घातल्या. रंग काळा नको. पाय फरशीवर वाजता कामा नयेत, रबर बसवा. पाट माझ्या पायांच्या मापाने खाली घ्या, तुमच्या नाही. आणि डाग काढून आणा. मी प्रत्येक अटीवर तोंड उघडलं आणि मिटलं. पॉलिशवाल्याने डागावर नख ओढून बघितलं आणि मान हलवली. फार आत गेलाय, रंधा मारावा लागेल, पाट पातळ होईल. मी घरी येऊन तिला सांगितलं. तिने थोडा विचार केला.

"राहू दे मग. मामीचा पाट पातळ करायचा नाही."

जाहिरात मी काढून टाकली. स्टूल, आरामखुर्ची, माळ्यावरची अर्धी भांडी आणि माझी ती हकीकत, एवढं मात्र टेनामेंटमध्येच सोडून आलो.

नव्या घरी बाल्कनीत स्टँड बसलाय आणि त्याच्यापुढे जेमतेम एक खुर्ची मावते. फुकटात मिळवलेला नळ स्टँडच्या पायामागे गेलाय, तो उघडता येत नाही. सकाळी बायको झोपाळ्यावर बसते, नेमकी डाव्या कोपऱ्यावर, डाग झाकून. मी खुर्चीवर. ती झोका घेते आणि बोलते.

"आज वर्कशॉपवर... जाणार आहात का?"

मी उत्तर देईपर्यंत ती कठड्याकडे गेलेली असते. परत येते.

"येताना लिंबं... आणि भाव करत बसू नका."

तिचा पाय माझ्या गुडघ्यापाशी येतो, फरशीला टेकतो, निघून जातो. परवा झोपाळा जरा थांबलेला बघून मी सवयीने कप पुढे केला.

"अंहं," ती म्हणाली.

मी कप मागे घेतला. पस्तीस वर्षांपूर्वी असाच हातात धरून चहा गार केला होता. आता गरम असतानाच पिऊन टाकतो.